खबरदार, पवित्रा, सावधान : वऱ्हाडातील स्वसंरक्षणविद्येचा शब्दांतून दिसणारा इतिहास

(१)

वऱ्हाडातील शारीरिक शिक्षणाच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९१४ या सालापासून करण्यात येतो. त्या साली अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी ज्या संस्थेचा पाया घातला, ती पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर परिचित झाली. आणि १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी तिच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखविली. हा इतिहास संस्थेचा आहे. त्याला स्थापनेचे वर्ष आहे, चालक आहेत, अहवाल आहेत. परंतु त्याच्या मागे आणखी एक इतिहास उभा आहे. अकोल्याच्या बाजारातून बंडी घेऊन रात्री गावी परतणारा कुणबी, वेशीवर काठी टेकून उभा असलेला जागल्या, परक्या मुलखातून चाललेला वाटसरू, यांच्यावर प्रसंग ओढवला म्हणजे ते काय करीत, हा त्याचा विषय होय. या इतिहासाला दप्तर नाही. मात्र त्याचे शब्द शिल्लक आहेत, आणि ते अजून रोजच्या बोलण्यात वावरत आहेत.

शब्दांच्या साक्षीला मर्यादा असतात, हे आरंभीच सांगितले पाहिजे. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती त्याच्या बोलणाऱ्याच्या मनात असतेच असे नाही. ‘गाफील’ म्हणणाऱ्यास अरबी ठाऊक असण्याचे कारण नाही. यासाठी नुसत्या व्युत्पत्तीवर भिस्त न ठेवता शब्दाचा प्रत्यक्ष वापर, त्याचे क्षेत्र व त्या क्षेत्रातून तो बाहेर पडताना झालेला अर्थपालट यांकडेही पाहावयास हवे. असे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. स्वसंरक्षणाच्या या शब्दसंपत्तीत प्रहाराला दुय्यम स्थान असून पाहणे, ओळखणे, अंतर राखणे व वेळेवर बाजूस होणे यांना प्रमुख स्थान आहे. विद्येचे शिक्षण संस्थाबद्ध झाले तेव्हा तिचे पहिले अंग जपले गेले आणि दुसरे बरेचसे आखाड्याबाहेर राहिले. प्रस्तुत लेखात या घटनेचा विचार करावयाचा आहे.

(२)

वऱ्हाडचा राजकीय इतिहास या विषयापुरता थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येईल. १४९० मध्ये अचलपूरची इमादशाही स्वतंत्र झाली. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. १५९६ मध्ये प्रांत मोगलांकडे गेला. १७२४ नंतर तो हैदराबादच्या निजामाकडे आला. पुढे नागपूरकर भोसल्यांचा वसुलात हिस्सा ठरून एकाच गावावर दोन सत्तांचे हक्क चालू लागले. या स्थितीला लोकांनी दिलेले ‘दुअमली’ हे नाव अत्यंत बोलके आहे. जेथे अंमल दोघांचा, तेथे जबाबदारी कोणाचीच नाही, हा अनुभव त्या एका शब्दात साठविलेला आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला आणि १५ डिसेंबर रोजी मेळघाटाच्या माथ्यावरील गाविलगड पडला. त्यानंतरच्या दीड दशकात पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला. वऱ्हाडात जागोजाग दिसणाऱ्या मातीच्या पांढऱ्या गढ्या, ज्यांच्या आडोशाला गाव आपली गुरे व धान्य घेऊन शिरत असे, त्या या असुरक्षित काळाच्या खुणा होत.

पेंढारी दिसत असे. त्याची धूळ दुरून उठे. ठग दिसत नसे. नर्मदेच्या खोऱ्यापासून वऱ्हाड-खानदेशापर्यंतच्या वाटांवर वावरणाऱ्या या टोळ्यांविषयी स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३६ मध्ये ‘रामसीयाना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे वैशिष्ट्य असे की, तो मूलतः एक शब्दसंग्रह आहे. ठगांची ‘रामसी’ नावाची सांकेतिक बोली होती. तिच्यात वाटसरूंचे प्रकार, जागांचे प्रकार, खुणा व इशारे यांना निरनिराळे शब्द होते. फास टाकण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यास ‘झिरणी’ म्हणत, आणि तो इशारा तंबाखू मागण्यासारख्या अगदी साध्या वाक्यानेही दिला जाई. स्लीमनच्या ग्रंथाकडे केवळ वसाहतवादी अधिकाऱ्याच्या नजरेतून झालेले चित्रण म्हणून सावधपणे पाहावे, असे आज अनेक इतिहासकार म्हणतात, आणि ते रास्त आहे. तथापि हल्ल्याची जी रीत त्यात दिसते ती ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रथम ओळख काढावयाची, सोबतीचा आग्रह धरावयाचा, काही मजल बरोबर चालून विश्वास संपादन करावयाचा, मग वाटसरूस बसते करून दोघांतिघांनी त्याच्या मागे व बाजूंस जागा धरावयाची. गळ्यात रुमाल पडण्यापूर्वीच वाटसरूची हार झालेली असे.

मराठी भाषेने हे नेमके ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही. ‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’ या शब्दाशी जोडला जातो. त्याचा अर्थ लबाड, फसविणारा. मराठीतील ‘ठक’ व ‘ठकविणे’ याच कुळातील. म्हणजे मारेकऱ्याला भाषेने जे नाव दिले ते त्याच्या मारण्यावरून नसून फसविण्यावरून आहे. उलट बाजूस, ज्याच्यावर प्रसंग येतो त्याचे वर्णन करणारा रूढ शब्द ‘दुबळा’ हा नसून ‘गाफील’ हा आहे. ‘तो गाफील राहिला’ असे म्हणताना त्याच्या अंगात बळ किती होते, हा प्रश्नच उपस्थित होत नाही.

(३)

याच्या विरुद्ध टोकाला असलेले शब्द गावाच्या राखणीतून आले. त्यांतील तीन विशेष विचारात घेण्यासारखे आहेत.

‘खबरदार’ हा शब्द आज धमकीचा झाला आहे. ‘खबरदार पुढे याल तर’ असे म्हटले जाते. फारसी रचनेप्रमाणे त्याचा अर्थ ‘ज्याच्यापाशी खबर आहे तो’ एवढाच होतो. ज्याला माहिती आहे तो सुरक्षित, आणि ‘मला माहिती आहे’ हे समोरच्यास कळविणे हाच पहिला प्रतिकार, असा तर्कशुद्ध क्रम या एका शब्दाच्या अर्थपालटात दिसतो. रात्री गस्तवाला ‘हुशार’ असे ओरडत जाई. ‘हुशार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, जागा. पुढे त्याचा अर्थ बुद्धिमान असा झाला आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो जाऊन बसला. परंतु त्याचे मूळ ठिकाण वेस व रात्र हे आहे. तिसरा शब्द ‘जागल्या’. वऱ्हाडातील ग्रामव्यवस्थेत पाटील-पांड्यांच्या खालोखाल रात्रीच्या पहाऱ्याचे काम करणाऱ्यास हे नाव असे. त्याचे नाव त्याच्या हत्यारावरून पडलेले नाही, जागे राहण्यावरून पडले आहे.

हे काम प्रायः महार समाजाकडे असे. गावात कोण नवखा आला, तो कोणाकडे उतरला, कोणाचे बैल नेहमीपेक्षा आधी परतले, कोणत्या बाजूची कुत्री भुंकत आहेत, ही सर्व खबर त्याने ठेवावयाची. घुंगुरकाठीचा आवाज करीत तो फिरे. हेतू असा की, गाव जागे आहे हे येणाऱ्यास आधीच कळावे आणि त्याने परत फिरावे. आजच्या संरक्षणशास्त्रात ज्याला प्रतिबंध म्हणतात तो हाच. परंतु येथे एक विसंगती आहे, आणि ती झाकून हा इतिहास लिहिता येणार नाही. ज्याच्या सावधपणावर गावाचे संरक्षण उभे होते, त्याला त्या संरक्षणाच्या वर्तुळात स्थान नव्हते. त्याची वस्ती वेशीबाहेर होती. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली, तिच्यापुढील प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या दाराची राखण करणाऱ्यांनी दारातून आत जाण्याचा हक्क मागितला होता. त्याच काळात आंबेडकरी चळवळीत समता सैनिक दल उभे राहिले आणि दलाच्या स्वयंसेवकांच्या हाती काठी आली. काठी तीच, पण पूर्वी ती दुसऱ्याच्या घराच्या राखणीसाठी होती, आता ती स्वतःच्या सभेच्या व स्वतःच्या माणसांच्या संरक्षणासाठी झाली. शब्द न बदलता वस्तूचा अर्थ बदलण्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

(४)

आता आखाड्याकडे वळू. देशावर ‘तालीम’ हा शब्द अधिक रूढ आहे, वऱ्हाडात ‘आखाडा’. पहिला अरबी असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण. दुसरा संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून आलेला. आखाड्यातील हत्यारांच्या नावांवरून त्यांचा प्रवास कळतो. ‘लाठी’ हा शब्द प्राकृत ‘लट्ठि’ व संस्कृत ‘यष्टि’ यांच्या परंपरेतील, ‘काठी’ काष्ठाची. ‘जंबिया’ अरबी, आणि तो कमरेच्या बाजूस खोवला जातो म्हणून ‘बाजू’ या अर्थाच्या शब्दावरून बनलेला. ‘वस्ताद’ व ‘पेच’ फारसी. ‘बोथाटी’, म्हणजे टोक बोथट केलेला भाला, ही अस्सल मराठी घडण. शिपाईगिरीच्या निमित्ताने अनेक भाषांचे लोक एका छावणीत राहत, त्या सहवासाची ही मिश्र मिळकत होय.

परंतु हत्यारांच्या नावांपेक्षा क्रियांची नावे अधिक महत्त्वाची आहेत. लाठी व फरीगदगा यांच्या शिक्षणात शीर, तमाचा, बाहेरा, कमर अशी जी हातांची नावे येतात, त्यांतील अनेक शरीराच्या भागांवरून आलेली आहेत. विद्यार्थी ‘शीर’ हा शब्द शिकतो तेव्हा कोठे मारावयाचे आणि काय वाचवावयाचे, या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकदमच बसतात.

सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘पवित्रा’ हा आहे. हिंदीतील ‘पैंतरा’ याचा हा भाऊबंद असून हिंदी कोशकार त्याचे मूळ ‘पदांतर’ असे देतात. मराठी रूपावर ‘पवित्र’ या परिचित शब्दाची छाया पडली असावी. अर्थाने मात्र दोहोंचा संबंध नाही. पवित्रा म्हणजे पाऊल कोठे व कसे ठेवावयाचे याची रीत. नवशिक्यास काठी हाती देण्यापूर्वी वस्ताद पवित्रे घोटून घेतो, याचे कारण व्यवहारातील आहे. उभ्या माणसाच्या उंचीची काठी फिरू लागली म्हणजे तिच्या टप्प्याएवढी मोकळी जागा भोवती तयार होते. ही जागा हेच लाठीचे मुख्य फळ. एकटा माणूस तीनचार जणांत सापडला असता त्याने सर्वांना लोळवावे अशी अपेक्षा नसते. चारी दिशांना वळत त्याने कोणास मागे येऊ देऊ नये, भिंतीशी वा कोपऱ्यात अडकू नये, आणि ज्या बाजूस वाट आहे त्या बाजूस सरकत राहावे, यासाठी ते हात व ते पवित्रे आहेत. पाऊल चुकले तर हात कितीही वेगवान असून उपयोग नाही.

दुसरा शब्द ‘हूल’. समोरच्याने एका बाजूस वार करण्याचा आव आणून दुसऱ्या बाजूस वार करणे ही हूल. तिच्यावर उतारा असा सांगितला जातो की, काठीच्या टोकाकडे न पाहता समोरच्याच्या छातीखांद्यांकडे नजर ठेवावी. टोक खोटे बोलते, खांदा सहसा खोटे बोलत नाही. मराठीत ‘हूल’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे खोटी वार्ता. ‘हूल उठली’ म्हणजे भीतीची अफवा पसरली. शरीराने केलेली फसवणूक व शब्दाने केलेली फसवणूक यांना भाषेने एकच नाव द्यावे, हे विचार करण्याजोगे आहे. बाजारात एकाएकी धावपळ सुरू होते, दुकानांच्या फळ्या पडू लागतात, आणि काय घडले हे कोणासच ठाऊक नसते, तेव्हा आखाड्यातील तोच नियम लागू पडतो. टोकाकडे पाहून धावू नये. हालचालीचे मूळ कोठे आहे ते पाहावे आणि मग पाऊल उचलावे.

‘पवित्रा घेणे’, ‘हुलकावणी देणे’, ‘पेचात पकडणे’, ‘डाव उलटविणे’, ‘वार चुकविणे’, ‘दोन हात करणे’ हे प्रयोग आज वृत्तपत्रांच्या स्तंभांत व विधिमंडळाच्या वृत्तांतात सर्रास आढळतात. त्यांतील शेवटचा सोडल्यास बाकीच्यांत प्रत्यक्ष मारण्याचा भाव नाही, ही गोष्ट सहज लक्षात येईल.

(५)

या विद्येचे रूप इंग्रजी अमदानीत पालटले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला; १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असले तरी तेथील राज्यकारभार इंग्रजांच्या हाती असल्याने धोरण निराळे नव्हते. तलवार व भाला घराबाहेर पडले आणि काठी उरली. आखाडे राहिले, परंतु त्यांचे प्रयोजन बदलले. ज्या हातांचा रणाशी संबंध तुटला ते हात व्यायामाचे झाले, आणि पुढे राष्ट्रीय जागृतीच्या काळात स्वाभिमानाचे झाले. अमरावतीचा आखाडा या वातावरणात वाढला. क्रांतिकारक शिवराम हरि राजगुरू यांनीही काही काळ तेथे शिक्षण घेतले होते.

संस्थेने केलेले कार्य मोठे आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या तिने अभ्यासक्रमात बसविली. ‘व्यायामविशारद’ होऊन बाहेर पडलेले शिक्षक दूरदूरच्या शाळांत गेले. याच कालखंडात बडोद्यास प्रा. माणिकराव यांनी सामुदायिक व्यायामाची पद्धत व तिला अनुरूप अशा देशी आज्ञा प्रचारात आणल्या, आणि तेथेच द. चिं. मजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. विद्या ग्रंथात आली, रांगेत आली, मैदानावर आली.

तथापि रांगेत येताना तिचे काही गळून गेले. याचे सर्वांत सूचक उदाहरण म्हणजे ‘सावधान’ हा शब्द होय. अवधानासहित तो सावधान. ज्याचे लक्ष भोवती आहे असा. विवाहाच्या वेळी हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थ रामदासांची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी, ‘सावधान’ म्हटल्यावर मनुष्याने परिस्थिती ओळखून हालचाल करावयाची असते, हा शब्दाचा जिवंत अर्थ तीत सुरक्षित आहे. कवायतीच्या मैदानावर मात्र ‘सावधान’ ही आज्ञा होताच मुलगा टाचा जुळवितो, हात ताठ करतो, नजर समोर एका बिंदूवर खिळवितो आणि पुढील आज्ञेची वाट पाहतो. भोवती पाहणे हा तेथे दोष ठरतो. जो शब्द जागल्याच्या पायांत होता तो पुतळ्याच्या पायांत आला. शिस्तीला तिची जागा आहे. परंतु स्वसंरक्षण म्हणून शिकविल्या जाणाऱ्या विषयाचा पहिला शब्दच असा उलटावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

(६)

कायद्याच्या भाषेतही हाच विचार निराळ्या मार्गाने आढळतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ९६ ते १०६ यांत स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे संरक्षण करण्याचा हक्क मान्य केला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ यांत समाविष्ट आहे. या हक्काला दोन मर्यादा पूर्वी होत्या आणि आजही आहेत. सरकारी अधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास अवसर असेल तेथे हा हक्क नाही. आणि संरक्षणासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा करता येते. म्हणजे धोका संपला की हक्क संपतो. पळून जाणाऱ्याच्या पाठीवर घातलेली काठी हे संरक्षण नव्हे. या मर्यादांचा अर्थ प्रसंगी एका क्षणात लावावयाचा असतो, आणि तो लावण्यास हाताच्या बळापेक्षा नजरेचे शिक्षण अधिक उपयोगी पडते. आखाड्याचे जुने शहाणपण व न्यायालयाची कसोटी येथे एकत्र येतात.

अलीकडे शाळा-महाविद्यालयांतून मुलींसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग भरविले जातात. ते आवश्यकच आहेत. परंतु त्यांत थोड्या दिवसांत काही ठोसे, काही झटके व मनगट सोडविण्याच्या काही युक्त्या एवढेच शिकविले गेले, तर अमरावतीच्या मैदानावर जे घडले त्याचीच लहान प्रमाणात पुनरावृत्ती होईल. विद्येचे दिसणारे अंग हाती येईल आणि न दिसणारे राहून जाईल. सलगी वाढविणारा अनोळखी मनुष्य नकार मिळाल्यावर काय करतो, तो बोलता बोलता जागा कशी बदलतो, आपल्या व दारामध्ये कोण उभे आहे, ओरडावयाचे ते कोणास उद्देशून, या गोष्टी शिकविता येतात. ठगाच्या रीतीचे जे वर्णन वर आले आहे ते दोनशे वर्षांपूर्वीचे असले तरी ओळख, आग्रह, एकान्त व मग आघात हा क्रम आजही फारसा बदललेला नाही. येथे एक खबरदारी मात्र घ्यावयास हवी. सावधपणा शिकविणे म्हणजे गाफील राहिलेल्याच्या माथी दोष मारणे नव्हे. जागल्याला झोप लागली म्हणून चोर निर्दोष ठरत नसे. सावधपणाचा सर्व भार एकाच वर्गावर टाकून बाकीच्यांनी स्वस्थ झोपावे, ही गावगाड्यातील जुनी चूक आज स्त्रियांच्या बाबतीत पुन्हा करण्याचे कारण नाही.

सारांश, वऱ्हाडातील स्वसंरक्षणविद्येची दोन घराणी होती असे म्हणता येईल. एक आखाड्याचे, एक वेशीचे. पहिल्याला वस्ताद लाभले, संस्था लाभली, बर्लिनपर्यंतचा प्रवास लाभला. दुसऱ्याला मान लाभला नाही. त्याचे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, आणि पहाऱ्याची पद्धत मोडली तेव्हा ते विखुरले. ते जेथे विखुरले ती जागा म्हणजे आपली बोली. ‘खबरदार’, ‘हुशार’, ‘जागा राहा’ असे आपण अजून सहज म्हणतो. लाठी शिकविणाऱ्याने हत्यारांच्या नावांबरोबर या शब्दांचेही अर्थ विद्यार्थ्यांस सांगावेत, एवढे झाले तरी दोन घराण्यांची फारकत काही अंशी भरून निघेल.